काकू रागावली होती

डोंबिवली, मंगळवार, डिसेंबर १९८८

आज नातीचा अभ्यास घेतला, मी, चौथी शिकलेली. हसा कुणाला हसायचं ते.

वैशूच्या दहावीच्या पुस्तकात एक जुनी गोष्ट आहे. घरात लग्न, आणि विधवा काकू स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. गाइडात लिहिलंय, काकू त्यागमूर्ती. वैशू तेच घोकत होती.

म्हटलं, "कसली त्यागमूर्ती गं? तिला कुणी हाकच मारली नाही. रागावलीय ती."

"कशावरून, आजी?"

"एवढी सुगरण बाई, आणि नेमक्या त्याच दिवशी पुऱ्या करपतात होय?"

वैशूने गाइड मिटलं आणि माझ्याकडेच बघत बसली. "शुक्रवारी लताताईच्या हळदीला तूपण आतच बसणार ना?"

त्यागमूर्ती म्हणे. हे गेल्यापासून प्रत्येक हळदीला मी आतच. मलाही कुणी हाक मारली नाही, मी आपली त्याला रीत म्हणत आले.

उठले आणि सूनबाईला सांगून टाकलं, लताला पहिली हळद मी लावणार.

"आई, मुलाकडची माणसं असतील. काय म्हणतील?"

"त्यांचं राहू दे. नवरीला विचार, कुणाच्या हातची हवीय."

लता बाहेरच्या खोलीतूनच म्हणाली, "आजीच्या."

झालं तर मग.