प्रधान गप्प राहतो

८ जानेवारी १९५७, मंगळवार

प्रधानाचं काम अच्युतच करणार! ठरलं एकदाचं. आमच्या लालबागच्या चाळीच्या गच्चीवर तालमी, आणि मी पुस्तक धरून प्रॉम्प्टर. शाळेत शिकवून आले की थेट गच्चीवर. आई म्हणाली, "पुरुषांका शब्द पुरवूक बी. ए. झालंस गो?" हो, त्यासाठीच!

नाटक मंडळाचं जुनंच, शोकांतिका. यंदाचा खेळ संयुक्त महाराष्ट्र समितीसाठी. सगळे प्रधानाला दुष्ट म्हणतात. आहेच तो. पण मला फार आवडतो. पूर्ण नाटकात तो एकदाही खोटं बोलत नाही! राजा विचारतो, "सेनापतीवर विश्वास ठेवू ना?" प्रधान नुसता खाली बघतो. गप्प. राजा काय समजायचं ते समजतो — सेनापती हद्दपार! केवढी ताकद! आपल्याकडे सगळे बोलतातच. नळावर, जिन्यात, सभेत. गप्प राहून राज्य हलवणारा हा एकटाच.

१२ जानेवारी

दगडू सेनापती झालाय. कुरकुरत होता, "ह्याला पाठांतर नाय, काय नाय. नुसतं उभं राहायचं नि भाव खायचा!" अच्युत हसला फक्त.

त्याला हे काम जमतं, कारण तो स्वभावाने तसाच आहे. चांगल्या अर्थाने! गेल्या वर्षी गोळीबार झाला तेव्हा पोलिसांनी त्याला पकडून नेलं. पत्रकं कोणी वाटली, नाव सांग. मार खाल्ला, तोंड उघडलं नाही. म्हणून पत्रकं वाटणारा शेजारचा शिवा आज गिरणीत कामावर आहे. शिवाची आई, रमाबाई, अजून अच्युतच्या नावाने देवापुढे दिवा लावते.

१७ जानेवारी, गुरुवार

बाबांनी घोडपदेवचं स्थळ आणलंय. हेमचंद्र नाव. गोदीत कारकून. माणसं बरी आहेत म्हणे. २७ तारखेला सुपारी फोडायची!

अच्युतला जिन्यात गाठून सांगितलं. त्याने गिरगावात स्वतःच्या घरी अजून आमच्या लग्नाचा विषय काढलेला नाही. गिरणी कामगाराची मुलगी त्याच्या आईला चालायची नाही, हे मलाही ठाऊक आहे. म्हणाला, "नाटक होऊ दे. मग तुझ्या बाबांशी बोलतो. योग्य वेळ यावी लागते."

मी घाबरले नाही. त्याची वेळ चुकत नाही.

२० जानेवारी, रविवार

काय खेळ झाला! बायकांनी प्रधानाला अशा शिव्या घातल्या — खलनायकाला याहून मोठी शाबासकी नाही. शेवटच्या अंकात तोंडाला काळं कापड बांधलेला कैदी आणतात. पायातल्या तोड्यावरून प्रधान ओळखतो, हा आपलाच मुलगा! एक शब्द बोलला तर पोरगा वाचेल. पण बोलला तर सगळं कारस्थान उघडं पडेल. राजा विचारतो, "प्रधानजी, शिक्षा देऊ ना?"

अच्युत उभा राहिला. नुसता उभा. मला पुस्तकातली ओळ दिसेना. पुढून रमाबाई ओरडली, "बोल मेल्या! पोरगो तुझो तो!" जिच्या घरी याच्या नावाचा दिवा, तीच! मागचे हसले. मग कोणीच हसेना.

२१ जानेवारी

वर्गात मुलींना निबंध लिहायला दिला आणि स्वतःच विचार करत बसले. प्रधानाचं चुकलं कुठे?

दुष्टपणाने नाही बुडाला तो. ज्या गुणांनी वर चढला, त्यांनीच बुडाला. गप्प राहणं. वाट बघणं. समोरच्याला स्वतःच समजू देणं. पण राजाही इतक्या वर्षांत शिकला ना — प्रधान गप्प, म्हणजे होकार! तसाच अर्थ लावून त्याने हुकूम दिला. आणि प्रधान? आयुष्यभर न बोलून जिंकलेला माणूस. बोलायची वेळ आली तेव्हाही तो आणखी चांगल्या वेळेची वाट बघत होता!

तरी कौतुक कमी होत नाही. एवढा संयम, माणसांची एवढी पारख! असा माणूस आपल्या बाजूला असता तर, असं वाटतंच.

अच्युतला हे सगळं भडाभडा सांगितलं. "छान मांडलंस," म्हणाला.

२३ जानेवारी

अच्युत शुक्रवारी येणार! बोलायचंय म्हणाला, म्हणून बाबांनी चहाला बोलावलंय. मी आईला काही सांगितलं नाही. सकाळपासून उगाच गाणं गुणगुणतेय.

२५ जानेवारी, शुक्रवार

अच्युत आला. बाबांनी सरळ विचारलं, "अच्युतराव, परवा पोरीची सुपारी फोडतोय. तुमचं काय म्हणणं?" तो कपाकडे बघत राहिला. बाबा थांबले. पुष्कळ थांबले. शेवटी आई म्हणाली, "बरा झाला. त्यांचा काय म्हणणा नाय."

मी आतून बाहेरच्या खोलीत गेले. म्हणाले, "बाबा, हे मला मागणी घालायला आले होते. आता घोडपदेवला 'नाही' म्हणून कळवा. आणि अच्युतरावांनाही माझं नाहीच."