जिवंत पाण्याचा नळ

६ जून, शनिवार. संध्याकाळ

आजपासून रोज डायरी. उद्या माझा बाप्तिस्मा, म्हणजे ही जुन्या माणसाची शेवटची एंट्री. उद्यापासून नवा माणूस लिहील. अक्षर तेच राहील बहुतेक.

पास्टरांनी हौद भरायचं काम मला दिलं. चर्चमध्ये स्टेजच्या फळ्या काढल्या की खाली हौद आहे. त्यात पूर्ण बुडवूनच आमच्याकडे बाप्तिस्मा देतात. नळ सोडायचा, खुणेपर्यंत पाणी आलं की बंद. सिंपल. तोपर्यंत उद्याच्या साक्षीची प्रॅक्टिस केली. देवाने मला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगायचंय. रिकामं चर्च, माइक ऑन आणि मागे सतत पाण्याचा आवाज. अक्षरशः जिवंत पाण्याच्या नद्या! ‘माझ्या प्रत्येक पापाची जबाबदारी मी घेतो’ या वाक्याला माझेच डोळे भरले. त्याच तंद्रीत लाइट घालवले, कुलूप लावलं, घरी आलो.

काही विसरलो नाही. बायबल, बाटली, चार्जर. सगळं आहे.

७ जून, रविवार

बाप्तिस्मा कॅन्सल.

सकाळी दाराखालून पाणी. पास्टरांनी बाहेरचा मेन व्हॉल्व्ह बंद केला. मी सगळ्यांच्या आधी मोज्यांसकट आत धावलो आणि हौदाचा नळ घट्ट केला. सगळे म्हणाले, काय धीट पोरगा! नळ घट्ट व्हायला बराच फिरवावा लागला. लीक असणार.

गालिचा गेला. पियानोच्या खालच्या फळ्या फुगल्या. पियानोवाल्या मावशींनी एक सूर दाबला, बेडकासारखा आवाज आला, त्या खालीच बसल्या.

पास्टरांनी विचारलं, नळ बंद केला होतास ना, बेटा? मी उत्तर द्यायच्या आत तेच म्हणाले, तू केलाच असशील, तुझ्याइतका जबाबदार मुलगा नाही. मी मान हलवली. हो अशी की नाही अशी, ते टेक्निकली क्लिअर नव्हतं.

मग कुणीतरी म्हणालं, हा नळ गेल्या आठवड्यातच प्लंबरकाकांनी बसवलाय. सगळ्यांनी एकदम मागे वळून बघितलं. काका शेवटच्या बाकाजवळ बादलीने पाणी उपसत होते.

८ जून, सोमवार

नीट विचार केला. समजा, फक्त समजा, नळ माझ्याकडून राहिला असेल. तर ते मी काल प्रार्थनेत देवाला सांगितलंय. पश्चात्ताप झाला, क्षमा मिळाली, मॅटर क्लोज्ड. कृपा म्हणतात ती हीच. देवाने जे विसरायचं ठरवलं ते मी उकरून काढणं म्हणजे कृपेचा अपमान.

शांत वाटतंय. जेवण गेलं नाही, पण ते उकाड्यामुळे.

१० जून, बुधवार

प्लंबरकाका ऐकत नाहीत. सगळ्यांना सांगतायत, नळ ठणठणीत होता, वायसर नवं होतं, मी स्वतः हाताने तपासलं होतं. लोक म्हणतात, मग पाणी काय आभाळातून पडलं? चर्चच्या हॉस्टेलच्या बाथरूमचं काम त्यांना मिळणार होतं, ते कमिटीने थांबवलंय. मावशी त्यांच्याशी बोलत नाहीत.

ठरलं. रविवारी पास्टरांना सगळं सांगायचं. फायनल.

१२ जून, शुक्रवार

आधी ताईला सांगून बघू म्हटलं. नुसता विषय काढला, की समज एखाद्याने नळ उघडा ठेवला तर. ती भाजी चिरायची थांबली. म्हणाली, चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, मी जनरल बोलतोय. ती म्हणाली, आमचे प्रेषित जनरलच बोलतात.

बहिणीला आध्यात्मिक प्रश्न विचारू नयेत.

१३ जून, शनिवार

पास्टरांचा फोन. उद्या उपासनेत संदेश मीच द्यायचा. विषय: पापाची वैयक्तिक जबाबदारी.

आधी धस्स झालं. मग लक्षात आलं, हा तर मार्ग आहे! संदेशाच्या शेवटी सगळ्यांसमोर सांगायचं. असा एंड कुणी कधी केला नसेल. लोक रडतील. प्लंबरकाका मला मिठी मारतील. पहिल्या बाकावर बसणाऱ्यांनी रुमाल आणावेत अशी सूचना द्यावी का?

१४ जून, रविवार

संदेश सुपरहिट.

आदामापासून घेतलं. देवाने विचारलं तर आदामाने हव्वेवर ढकललं, हव्वेने सापावर, आणि सापाला ढकलायला कुणी उरलं नाही. लोक हसले. मग मी आवाज खाली आणला. म्हणालो, आपल्यातही कुणीतरी आहे, ज्याला माहितीये की चूक आपली आहे आणि जो गप्प आहे. आता पुढचं वाक्य बोलायचं.

तेवढ्यात पास्टर मोठ्याने आमेन म्हणाले. सगळे आमेन म्हणाले. गीत सुरू झालं.

गाण्याच्या मधे कसं बोलणार? ताल बिघडला असता.

१५ जून, सोमवार

प्लंबरकाका घरी आले. मम्मीने चहा दिला, प्याले नाहीत. म्हणाले, बाळा, काल तू माझ्याकडे बघून बोललास. आतपर्यंत गेलं. सगळ्यांना ताठ मानेने सांगत होतो, माझी चूक नाही. पण रात्री विचार केला, त्या दिवशी घाई होती, दुसरीकडे बोलावणं होतं. वायसर शेवटचं पिळलं की नाही? आठवत नाही रे. आता तर वाटतं, नसेलच पिळलं.

मी म्हटलं, नाही काका, तुम्ही पिळलं असेल. ते म्हणाले, तू मन राखायला बोलतोयस. पण कालचं तुझंच वाक्य आहे, आठवत नाही हा बहाणा सगळ्यात जुना.

असं मी बोललो होतो? माझं वाक्य चांगलं आहे.

काका गेल्यावर ताई म्हणाली, कसला ग्रेट वक्ता रे तू, निर्दोष माणसाला पापी करून सोडलंस. तिला नक्की किती माहीत आहे ते कळत नाही. विचारायची हिंमत नाही. म्हणजे गरज नाही.

१८ जून, गुरुवार

नवा विचार. काकांना आता पश्चात्तापाचा आशीर्वाद मिळालाय. आत्ता मी खरं सांगितलं तर त्यांचा तो अनुभव खोटा ठरेल. त्यांच्या आत्मिक वाढीच्या मधे येणं योग्य का?

हा विचार पास्टरांना सांगून त्यांचं मत घ्यावं. नाव न सांगता.

नको.

२१ जून, रविवार

प्लंबरकाका उपासनेत उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, नुकसान माझ्यामुळे झालं, गर्वाने मी ते नाकारलं, मंडळीने मला क्षमा करावी. मावशी उठल्या आणि त्यांचा हात धरला. अर्धं चर्च रडत होतं.

मी उठलो. शपथ, मी खरंच उठलो. आता बोलणारच होतो. पास्टरांनी बघितलं, म्हणाले, ये बेटा, तुझ्याच संदेशातून हे घडलं, तूच यांच्यासाठी क्षमेची प्रार्थना कर.

काकांनी माझ्यासमोर गुडघे टेकले. डोक्यावरचे केस विरळ झालेत त्यांचे.

मी त्यांना क्षमा केली.

२२ जून, सोमवार

काही लिहिण्यासारखं नाही.

२५ जून, गुरुवार

ताई खोलीत आली. या वेळी टोमणा नाही. म्हणाली, देव क्षमा करतो ते बरोबर आहे, पण कमिटीने काकांचं काम देवामुळे थांबवलेलं नाही, तुझ्या नळामुळे थांबवलंय. जा आणि सांग.

मी म्हटलं, येत्या रविवारी बाप्तिस्मा आहे, हौदातून वर आल्या आल्या सगळ्यांसमोर सांगतो. नवा माणूस, पहिलं वाक्य. ती म्हणाली, आत्ता का नाही? मी म्हटलं, आत्ता अजून जुनाच माणूस आहे ना.

ती म्हणाली, पालथ्या घड्यावर पाणी. आणि गेली.

२८ जून, रविवार

झाला बाप्तिस्मा.

हौद प्लंबरकाकांनी भरला. पहाटेपासून नळाजवळ स्टूल टाकून बसले होते, जागचे हलले नाहीत. मी उतरलो तेव्हा म्हणाले, सांभाळून रे बाळा, पायरी निसरडी आहे.

पास्टरांनी विचारलं, पापांचा पश्चात्ताप करतोस? हो म्हटलं. आणि खाली.

पाण्याखाली एकदम शांत. कुणी बघत नाही, कुणी बेटा म्हणत नाही. वाक्य तयार होतं: नळ मी उघडा ठेवला. चारच शब्द तर होते, कुणी शाबासकी देणार नव्हतं. वर आलो, तोंड उघडलं, ‘नळ’ म्हणालो आणि नाकात पाणी गेलं. ठसका. मोठा ठसका. थांबेचना. लोकांना वाटलं मी हुंदके देतोय. गीत सुरू केलं. काकांनी हात देऊन बाहेर काढलं, टॉवेल गुंडाळला, पाठ चोळत म्हणाले, असू दे रे, नळाचं अजून मनात धरून बसलायस? मंडळीने मला कधीच माफ केलंय.

ताई मागच्या बाकावर होती. गात नव्हती.

२९ जून, सोमवार

पास्टरांनी बोलावलं. प्लंबरकाकांनी हौदाला स्वतःच्या खर्चाने नवा नळ बसवलाय, त्याची चावी काढून घेता येते. चावीशिवाय नळ कुणालाच सोडता येणार नाही, म्हणजे पुन्हा असं व्हायला नको. चावी एकाकडेच राहणार, यापुढे हौद तोच भरणार. कुणाकडे द्यायची विचारलं तर काका म्हणाले, त्याच्याकडे द्या. मंडळीत विश्वासू माणूस तोच.

हॉस्टेलच्या बाथरूमचं काम दुसऱ्या प्लंबरला गेलं.

चावी माझ्या पॅंटच्या खिशात आहे. लोखंडी आहे, बसलं की टोचते.

उद्यापासून शर्टच्या खिशात ठेवायची.