बाबांच्या खुणेच्या वर

बाबा,

तुम्हाला उठवलं नाही. दूध तापवून ठेवलंय. गुडघ्याचा पट्टा खुर्चीवर आहे, तो बांधल्याशिवाय जिना उतरू नका.

मी कॉलेजात होकार कळवायला चाललेय. त्या मोठ्या व्हॉलीबॉल संघाच्या नाही, तळ्याकाठच्या छोट्या कॉलेजात. तुम्ही रुसणार, हे धरूनच निघालेय. मोठ्या ठिकाणी कोचनी माझी उडी मोजली, पण मी शिकणार काय, ते कुणी विचारलंच नाही. छोट्या ठिकाणी ऐन सरावात एक मुलगी प्रॅक्टिकलची वेळ झाली म्हणून निघाली. चेंडू तिनं दुसरीच्या हातात दिला आणि खेळ चालूच राहिला. मी बाकावर बसून बघत होते. इतकं धुकं होतं की वर गेलेला चेंडू दिसेनासा व्हायचा, आणि मग कुणाच्या तरी बोटांवर अलगद उतरायचा. तेव्हापासून मी अजून त्या बाकावरच आहे, असं वाटतं.

तुमचा गुडघा गेला, खेळ सुटला, तेव्हा हाताशी दुसरं काहीच नव्हतं, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. मीही विचारत नाही.

मागच्या भिंतीवर तुमच्या उडीची खडूची खूण आहे ना, पुसट झाली की तुम्ही पुन्हा गिरवता ती? आज सकाळी माझा हात तिच्या वर गेला. बोटाला खडू मुद्दामच लावला नव्हता. संध्याकाळी तुम्ही समोर उभे राहा, मग लावीन.

तुमची,
बुटकी