आईच्या औषधाची बाटली

बाबा,

तंबूच्या सामानातली सॅनिटायझरची बाटली मी काढून घेतली आहे. आईला जाऊन दोन महिने झाले, तरी तिच्या खोकल्याच्या औषधाची ती बाटली तुम्ही कुणाला टाकू देत नाही, आणि आता तिच्यातच सॅनिटायझर भरता? वर अजून ‘दोन चमचे, जेवणानंतर’ लिहिलेलं आहे. खोकल्याची उबळ आली की तुम्ही चष्मा शोधत बसत नाही.

नवी बाटली बाजूच्या कप्प्यात आहे. लावल्यावर हात पूर्ण वाळू द्या, मगच स्टोव्ह पेटवा. मागच्या सहलीला, आई होती तेव्हा, हेच सांगितलं, तर म्हणालात, “तुझी आई आहे ना बघायला.”

तिची बाटली धुऊन परत खिडकीत ठेवली आहे. मीही टाकणार नाही. रविवारी घरी या.