मूळ घराच्या जागेबाबत चारुलता पोतनीस हिची अखेरची इच्छा

मी, चारुलता दत्तोपंत पोतनीस, वय वर्षे ७२, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार देवास, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. खुब्याचे हाड मोडल्यापासून आठ महिने मी या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. परंतु बुद्धी शाबूत आहे आणि माझ्याकडून कोणी काही लिहवून घेत नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. टेकडीखालचे माझे राहते घर माझा भाचा उमाशंकर यास मिळावे. त्याने ते विकावे किंवा भाड्याने द्यावे. परंतु आपली मुलगी चिऊ हिला ते सांभाळायला तेथे ठेवू नये. उमाशंकर, ही अट आहे, विनंती नव्हे.

२. बँकेतली ठेव व आईच्या पाटल्या चिऊला. मी पडल्यावर नोकरीचा शोध अर्ध्यावर टाकून ती माझ्याकडे येऊन राहिली. तिचे शिक्षण हिंदीत झाले, मराठी वाचताना अडखळते. तेव्हा पुढचे तिला कोणी तरी मोठ्याने वाचून दाखवावे.

३. मूळ घराबाबत. आमचे पूर्वज धार संस्थानात खजिन्यावर होते, एवढेच घरात ठाऊक होते. १९७३ साली मला धारच्या एका शिक्षकांचे स्थळ आले. तेव्हा वडिलांनी देवापुढे शपथ घेतली की, मूळ घराची जागा सापडून कुलदेवीचा टाक तेथे नेल्याशिवाय या घरात मंगलकार्य होणार नाही. माझ्या धाकट्या बंधूंनी, म्हणजे उमाशंकरच्या वडिलांनी, ते मानले नाही. पुढे इंदूरला जाऊन लग्न केले. मला तेवढे धैर्य झाले नाही. ते शिक्षक तीन वर्षे थांबले. वडील सुट्टी पडली की छत्री घेऊन शोधाला निघत आणि परतल्यावर म्हणत, "नाही ग चारू, अजून नाही." मी त्यांचे पान वाढत असे.

वडील १९९८ साली वारले, शोध माझ्याकडे आला. नेमावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत खापरपणजोबांची सही आणि राजगढजवळच्या एका खेड्याचे नाव मिळाले. २०१० साली मी तेथे गेले. जोत्याचे दगड, बुजलेली विहीर, आणि जोत्यावरच मानाजी व भवानीबाई या शेतकरी नवराबायकोचे कौलारू घर. मी देवासच्या पोतनिसांची म्हटल्यावर भवानीबाई म्हणाल्या, "एक छतरीवाळो बाबू आयो थो, म्हारा ब्याव के दूजे बरस. घणो रोयो. कियो, कोई के मत कीजो. घर में छोरी हे, चली जायगी."

कोणाला सांगू नका, घरात मुलगी आहे, ती निघून जाईल, असे वडील सांगून गेले होते. भवानीबाईंच्या लग्नाचे दुसरे वर्ष म्हणजे १९७५. ते शिक्षक तेव्हा थांबलेले होते.

भवानीबाईंनी ताक दिले, ते प्याले. संध्याकाळच्या बसने परत आले आणि वडिलांच्या तसबिरीला रोजच्यासारखा हार घातला. मी अठ्ठावन्न वर्षांची होते. कोठेही जाऊ शकले असते. कोठे, ते सुचले नाही.

४. त्या जागेवर आमच्यापैकी कोणीही हक्क सांगू नये. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. या शोधात जमलेले मोडी लिपीतले कागद माझ्याबरोबर जाळावेत. टाक नेमावरला नर्मदेत सोडावा.

५. कबुली. दिवाळीनंतर चिऊचे नागपूरच्या नोकरीचे नेमणूकपत्र डाकेने आले. ती माझी औषधे आणायला गेली होती. मी ते उशीखाली घातले. ती रोज विचारी, "आत्याआजी, कुछ आया क्या?" मी मान हलवी. असे अकरा दिवस.

बाराव्या दिवशी ती माझ्या पायाला तेल लावत होती, तेव्हा मी पत्र काढून दिले.

"ये कब आया?"

"अकरा दिवस झाले. मी लपवलं."

तिने तारीख पाहिली. रुजू व्हायला दोन दिवस उरले होते. ती उठली, हात धुतले, बॅग भरली, माझ्या डब्याचे शेजारी सांगून आली आणि इंदूरच्या बसने गेली. निघताना पाया पडली नाही.

त्याला तीन महिने झाले. तिचा फोन नाही. नागपुरात तिने खोली घेतली आहे, असे उमाशंकर सांगतो. मी गेल्यावर तिला कळवावे. रजा काढायला लावून बोलावू नये.

हे सर्व मी दोघा शेजाऱ्यांपुढे वाचले. उदाजीराव म्हणाले, "चारूताई, पाचवं कलम काटून टाकू का? लोक वाचतील." मी म्हटले, "राहू द्या." मग त्यांच्यादेखत सही केली.

(सही) चारुलता दत्तोपंत पोतनीस

साक्षीदार:
(सही) उदाजीराव शितोळे
(सही) राजनंदिनी जगदाळे

देवास, १८ फेब्रुवारी २०२५