सुरुंग आता सावकाश फुटतो

सुदामा नगर, इंदूर
४ फेब्रुवारी २०२५

चि. यतीनला भानुमती आजीचे अ. उ. आ.

अक्षर तुझ्या भाचीचं, मितालीचं, बोलणं माझं. फोनवर तू नुसता हो-हो करतोस, म्हणून ही चिठ्ठी.

तिच्या मोबाइलवर तुझं नवं गाणं तीनदा ऐकलं. तुमच्या सुरुंग बँडचा धडधडाट पंचवीस वर्षं ऐकतेय, तेव्हा कानांची काळजी नको, त्यांचं जे व्हायचं ते केव्हाच झालं. श्रीराम कॅनडाला गेला, तेव्हापासून तू गातोस. देवेंद्रची कंबर धरली, ड्रमवर पलक आली. इथवर ठीक. पण या गाण्यातला आवाज तुझा नाही. बारीक झालाय, कुणी मागे लागल्यासारखा. आमच्या भजनी मंडळाची कॅसेट बिघडलेल्या टेपवर अशीच पळायची, अन् मी सोळा वर्षांची वाटायचे. छान वाटायचं, पण झूठच ना ते. काय गडबड केलीस, सरळ कळव.

माझा लोभ आहे तेवढाच आहे. तू सेहेचाळीसचा आहेस, हे विसरू नकोस.

तुझी आजी

पुणे
११ फेब्रुवारी

ती. आजीस यतीनचा शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. गाणं कॉम्प्युटरवर मीच पळवलं. आवाज चढतो हे माहीत होतं. म्हटलं, चालेल, जरा तरुण वाटेन.

देवेंद्रचे दोन्ही पाय ड्रमवर शिलाई मशीनसारखे चालायचे. पलक इथे नोकरीला आलेली इंदूरचीच. तिचा हात जड, थांबून घाव घालते. मला श्रीरामसारखं किंचाळता येत नाही, मी खालच्या सुरात गातो. त्यामुळे गाणी सावकाश झालीत, आणि खरं सांगतो, मला ती आवडतात. पण जुने ऐकणारे लिहितात की हा सुरुंगच नाही, नाव बदला. तेच सगळे सोळा मार्चला तिकडे इंदूरला, सांवेर रोडच्या शेडमध्ये आमच्या कार्यक्रमाला येणार आहेत. मी घाबरलो. पलकला न विचारता पळवलेलं गाणं सगळ्यांना पाठवलं. ती तिच्या इंदुरी थाटात एवढंच म्हणाली की भिया, मग ड्रमच्या स्टुलावर कॉम्प्युटरच बसवा. आठवडा झाला, सरावाला आलेली नाही. ती नसेल तर कार्यक्रम रद्द, आणि मग बँडच मिटवावा असं वाटतंय. तू काय म्हणतेस?

रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझा यतीन

इंदूर
१७ फेब्रुवारी

चि. यतीनला अ. आ.

मिटवू का म्हणून विचारणाऱ्याला मिटवायचं नसतं. मग माझी दुपारची झोप का घालवलीस?

आमच्या मंडळात शारदा ढोलकी वाजवायची. ती गेल्यावर तिची सून बसली. मी चारचौघींत तिला म्हटलं की शारदासारखं वाजव. तिने ढोलकी माझ्या मांडीवर ठेवली अन् निघून गेली. तिच्या दारी जायला मला दीड वर्ष लागलं. तोवर आम्ही नुसत्या टाळ्या वाजवल्या. तू दीड दिवस घे. चारचौघांत केलंस, माफीही चारचौघांत माग. समजावत बसू नकोस, तुला ते जमत नाही.

अन् नावाचं म्हणशील, तर श्रीराम ते बॅगेत भरून कॅनडाला घेऊन गेला नव्हता. जे वाजवतात त्यांचं ते. सोळा मार्चला मी येणार, पुढे खुर्ची ठेव. मिताली म्हणतेय तिथे खुर्च्याच नसतात. एक ठेव.

आशीर्वाद माफी मागितल्यावर लागू होईल.

आजी

पुणे
२६ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

सरावाच्या खोलीत सगळ्यांसमोर माफी मागितली. पलकची अट अशी, की रेकॉर्ड खऱ्या वेगानेच निघेल आणि जुनी गाणीही ती तिच्याच हाताने वाजवेल. मान्य केलं. आता कुणी काही म्हणो, नाव तेच राहील आणि वेग आमचा. खुर्चीचं सांगितलंय.

तुझा यतीन

इंदूर
२० मार्च

चि. यतीनला अ. उ. आ.

तू पुण्याला पोचल्याचं कळलं. घरी पाहुण्यांच्या गर्दीत बोलता आलं नाही.

पहिल्याच गाण्याला मागून कुणी ओरडलं, की भिया, जल्दी बजाओ. काही जण पाय आपटत निघालेही. पलकने मान वर केली नाही, उलट आणखी दमाने मारलं. तू मात्र गाता गाता दाराकडे बघत होतास, कोण कोण गेलं ते. दुसऱ्या गाण्यातही तेच. तिसऱ्याला तू डोळे मिटलेस. पुढे कोण गेलं, कोण राहिलं, ते मला विचारू नकोस. तिथून मीही दाराकडे पाहिलं नाही.

पलकला भरपूर आशीर्वाद सांग, उरलेले तू ठेव.

तुझी आजी