बाकडं काढल्यानंतरची विक्री

६ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: रोज लिहिणे. सुरुवातीला उशीर झाला, पण ते दिवस विचारात गेले. मोठी माणसं आधी विचार करतात.

झोनल मॅनेजरची जागा मेमध्ये रिकामी होतेय. आमच्या सुपरमार्केटच्या सगळ्या शाखा धरल्या तर लायक मॅनेजर एकच. नाव लिहीत नाही. विनय.

मुख्य कार्यालयाचं नवं धोरण: दुकानातल्या इंचाइंचाने कमवून दाखवलं पाहिजे. आज दारात उभा राहून पाहणी केली. सगळ्यात आळशी जागा सापडली. दाराजवळचं बाकडं! सकाळपासून तिथे म्हातारे ठाण मांडून बसतात. सगळ्यांत मिळून एक बिस्किटचा पुडा घेतात. करड्या स्वेटरवाला तर सगळ्यात वाईट. येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट सल्ला देतो. आज एका बाईंना म्हणाला, टोमॅटो नका घेऊ, कालचे आहेत.

परवाचे होते. पण तो मुद्दा नाही.

करड्या स्वेटरवाले म्हणजे आमचे बाबा.

११ जानेवारी
बाकडं काढलं. तिथे चॉकलेटचा रॅक. व्यवस्थापनात भावना आणायची नसते. बाबांना आधी सांगितलं नव्हतं. घरचं आणि कामाचं वेगळं ठेवावं. ते नेहमीप्रमाणे आले, रॅकपाशी बराच वेळ उभे राहिले, दोन-चार चॉकलेटं सरळ लावली आणि गेले.

जेवताना विचारलं, बाकडं मोडलं का रे? म्हटलं, धोरण आहे. कुणाचं, म्हणाले. वरून आलंय, म्हटलं. एका अर्थी खरं आहे. माझं ऑफिस वरच्या मजल्यावर आहे.

२५ जानेवारी
रॅकचा निकाल उत्साहवर्धक. खपलेल्यातली अर्धी चॉकलेटं मीच घेतली, पण बाजार आधी तयार करावा लागतो. संकल्प: गोड बंद. फेब्रुवारीपासून.

७ फेब्रुवारी
रस्त्यापलीकडे दुसऱ्या कंपनीचं दुकान आहे. त्यांनी खिडकीशी खुर्च्या मांडल्या, शिवाय चहाचं मशीन. पोट धरून हसलो. दुकान चालवतायत की धर्मशाळा? मुख्य कार्यालयातल्या साहेबांना मुद्दाम फोन करून सांगितलं. साहेब नुसतं हं म्हणाले. त्यांचा हं मला बरोबर कळतो. खूश होते.

१९ फेब्रुवारी
बाबा रोज सकाळी दाढी करून बाहेर पडतात. ही म्हणाली, हल्ली बरे दिसतात. म्हटलं, बाकडं काढल्यामुळे चालणं होतंय. हिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भांडी जरा जोरात घासली.

विक्री थोडी खाली. हवामान.

४ मार्च
स्वयंपाकघरात समोरच्या दुकानाची पिशवी! हिला जाब विचारला. म्हणाली, बाबा आणतात. ते आता तिकडेच बसतात, त्यांचं सगळं टोळकं तिकडेच असतं. संध्याकाळी त्यांना न्यायला मुलं-सुना येतात आणि आठवड्याचं सामानही तिथूनच भरतात. तुला माहीत नाही? म्हणाली.

माहीत होतंच. खात्री करून घेत होतो.

विक्री आणखी खाली. हवामान सुधारलंय, लोक फिरायला जातायत.

१८ मार्च
समोरच्या दुकानावर दुमजली फलक लागला. फलकावर बाबा! हातात टोमॅटो, तोंडभर हसू. खाली लिहिलंय, आमचा माल यांनी पास केलाय.

आई गेल्यापासून बाबांचे दात पाहिले नव्हते. आता ऑफिसच्या खिडकीतून दिवसभर दिसतात.

घरी गेल्यावर म्हटलं, बाबा, हे करायलाच हवं होतं का? म्हणाले, फोटोवाल्याने विचारलं, काढू का. म्हटलं काढ. मी म्हटलं, आणि हसलात कशाला? म्हणाले, तो हसा म्हणाला.

खिडकीला पडदा लावून घेतला. ऊन फार येतं.

२ एप्रिल
प्रत्युत्तर: आपुलकी सप्ताह. मी स्वतः दारात उभा राहून प्रत्येकाला या, या, आपलंच दुकान म्हणतो. एक आजी म्हणाल्या, या म्हणतोस, पण बसू कुठे? काउंटरवरच्या बाई फिसकन हसल्या. त्यांना मेमो दिला. संध्याकाळी परत घेतला. रविवारी कामाला यायला दुसरं कोणी तयार नाही.

१६ एप्रिल
साहेब स्वतः आले. आधी माझा विक्री वाढवायचा प्लॅन बघतील असं वाटलं, पण फलकाकडेच बघत राहिले. म्हणाले, याला म्हणतात डोकं. हे गृहस्थ तुमच्याच भागातले दिसतात. ओळखता?

मे महिना डोळ्यांसमोर आला. म्हटलं, नाही साहेब. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो.

काउंटरवरच्या बाईंना ठसका लागला.

साहेब म्हणाले, थांबा, भेटूनच येतो, आणि रस्ता ओलांडून गेले. काचेतून पाहिलं. बाबा उठून उभे राहिले. काहीतरी बोलले, आमच्या दुकानाकडे बोट केलं आणि अगदी फलकावरच्यासारखे हसले. पत्ता सांगत असावेत.

१७ एप्रिल
साहेबांचा फोन. म्हणाले, तुमच्या वडिलांनी तुमची फार तारीफ केली. समोरचा मॅनेजर माझा मुलगा, लहानपणापासून हुशार, म्हणाले. मी त्यांना म्हटलं, अहो, तो तर तुम्हाला ओळखत नाही म्हणतो! म्हातारे परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, कामाच्या वेळी तो घरचं मध्ये आणत नाही. शिस्तीचा आहे.

मी म्हटलं, हो साहेब. शिस्त आहेच.

साहेब हं म्हणाले. हा हं कळला नाही.

२९ एप्रिल
बाबा घरीच असतात. पाय दुखतात म्हणे. डॉक्टरकडे नेतो म्हटलं, नको म्हणाले. तसं बोलतात सगळं. पेपर दे. पंखा कमी कर. ही तर तेवढंही बोलत नाही. संकल्प: रविवारी बाबांशी निवांत बोलायचं.

रविवार, तीच नोंद पुढे
स्टॉक तपासणी निघाली.

१० मे
झोनल मॅनेजरची जागा भरली. दुसऱ्याने. आमची शाखा महिनाअखेर बंद. मला शहराबाहेरच्या गोदामात पाठवतायत, खराब माल वेगळा काढायच्या विभागात. सप्लाय चेनचा अनुभव असल्याशिवाय माणूस वर जात नाही. साहेबांच्या मनात तेच असणार. बोलले नाहीत एवढंच.

३ जून
गोदामात पहिला दिवस. पत्र्याचं छप्पर, खिडकी नाही. काम सोपं: चेपलेले डबे इकडे, फुगलेले तिकडे.

दुपारी घरी फोन केला. हिने उचलला. म्हटलं, बाबांना दे. काय बोलायचं ते सकाळपासून मनात जुळवलं होतं. आधी माफीचं, मग पायांचं. फोन त्यांच्याजवळ नेल्याचं ऐकू आलं. ही म्हणाली, तो बोलतोय, घ्या. बाबांनी घेतला नाही. तिलाच म्हणाले, जेवला का, विचार त्याला.

तिने विचारलं, जेवलास का?

हो म्हटलं.

तिने त्यांना सांगितलं, हो म्हणतोय. मग ठेवला.

जेवलो नव्हतो. दुपारनंतर चेपलेले डबे फार आले.